कुलाबा कॉजवे: खरेदीपेक्षा पाहण्यासारखे अधिक

मुंबई बेट आणि कुलाबा यांना जोडणारा बांध १८३८ मध्ये पूर्ण झाला आणि त्यावरूनच या रस्त्याला कॉजवे हे नाव मिळाले. त्याचे अधिकृत नाव शहीद भगतसिंग मार्ग असले, तरी ते बोलण्यात क्वचितच येते. खरेदीची सुरुवात १९३३ च्या रीगल चित्रपटगृहापासून करावी, कारण तेथून दक्षिणेकडे जाताना एका बाजूला जुनी दुकाने आणि दुसऱ्या बाजूला पदपथावरील विक्रेते, अशा दोन बाजारांमधून आपण चालत असतो.

विक्रेत्यांकडील ऑक्सिडाइज्ड दागिने, पितळी वस्तू आणि कापडी पिशव्या आकर्षक असतात. मात्र पहिल्यांदा सांगितलेली किंमत मान्य करू नये. मी घेतलेल्या कर्णफुलांचा मुलामा महिन्याभरात उडाला, त्यामुळे दागिने हौसेपुरतेच घ्यावेत, असे मला वाटते. चपला आणि सुती कपड्यांबाबत माझा अनुभव खूपच चांगला आहे.

विश्रांतीसाठी मोंडेगार कॅफेमध्ये बसावे. व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या चित्रांनी सजलेल्या तेथील भिंती न्याहाळताना चहा कधी निवतो, ते कळत नाही. १८७१ पासूनच्या लिओपोल्ड कॅफेमध्ये २६ नोव्हेंबर २००८ च्या गोळीबाराच्या खुणा जपून ठेवल्या आहेत आणि त्यांच्यासमोर मन गंभीर होते. पुढे खुसरो बाग ही पारशी वसाहत लागते. रस्त्यालगतच्या दुकानांमागे दडलेले तिचे शांत आवार मला या संपूर्ण रस्त्यावर सर्वाधिक प्रिय आहे.

पदपथ अरुंद असल्यामुळे वृद्धांनी रविवारची सायंकाळ टाळून सकाळी अकराच्या सुमारास यावे.