कागद माझे, नंबर त्याचा

दुकानदारानं पाकीट उलटं केलं, मागचा चौदा आकडी नंबर मोबाईलमध्ये टाकला आणि फोन माझ्याकडं फिरवला. "ताई, हा नंबर तुमचा न्हाई. ह्यो तर कुण्या हॉटेलचा दिसायलाय."

लातूरच्या त्या किराणा दुकानात मी तूरडाळीची पहिली वीस पाकिटं घेऊन गेले होते. पाकिटावर माझं नाव होतं, गावाचं नाव होतं, आणि फूड लायसनचा म्हणून छापलेला नंबर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या हॉटेलचा निघाला. अशी एक हजार पाकिटं मी छापून घेतली होती.

आमच्या भागात बचत गटातल्या कितीतरी बाया सध्या पापड, मसाले, शेवया, डाळ असं काहीतरी सुरू करायच्या विचारात आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझे ६६ हजार गेले, पण त्याहून जास्त जिवाला लागलं ते वेगळंच, ते पुढं सांगते.

माझं गाव औसा तालुक्यात. घरची चार एकर, सोयाबीन आणि त्यात तुरीचं आंतरपीक. संक्रांतीच्या पुढंमागं तूर निघाली की मी आणि सासूबाई तिला तेलपाण्याचा हात लावतो, चार उन्हं दाखवतो, जात्यावर भरडतो, सुपानं पाखडतो. आमची बिनपॉलिशची डाळ लातूरच्या ओळखीच्या घरांत आधीपासून जायची. मागणी वाढली, हात पुरेनात. म्हणून २०२३ च्या दिवाळीत, सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर, छोटी डाळ मिल टाकायचं घरात ठरलं.

भाऊजींच्या ओळखीनं एक जण भेटला. तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून बसायचा. समोर फाइलींची चळत, भिंतीला योजनांचे रंगीत फलक, आणि बोलणं असं गोड की माणूस दुसरीकडं विचारायलाच जात नाही. "ताई, तुम्ही फक्त आधार अन् पॅन द्या. ऑफिसांचे खेटे मी घालतो. पस्तीस टक्के सबसिडी पंधरा दिवसांत तुमच्या हातात."

पहिल्या दिवशी फाइलीचे ३,५०० घेतले. आठ दिवसांनी उद्यम नोंदणीचे, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदीचे, १,५००, मग फूड लायसनचे ४,०००, मग प्रोजेक्ट रिपोर्टचे १२,०००. रक्कम दर वेळी थोडी वाढायची, आणि दर वेळी हातात काहीतरी कागद पडायचा, म्हणून शंका आली नाही. उद्यमचं प्रमाणपत्र तर त्यानं लॅमिनेशन करून दिलं. ते मी देवघराच्या शेजारी लावलं होतं.

यातलं एकेक खरं काय आहे ते मी नंतर शिकले. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि सरकारी संकेतस्थळावर ती पूर्ण फुकट होते. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाईल एवढं पुरतं. ती दर वर्षी नव्यानं करावी लागत नाही, त्यामुळं "नूतनीकरण करा" म्हणून कुणी पैसे मागितले तर तेही खोटं. फूड लायसनचं म्हणाल, तर वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असणाऱ्याला तेव्हा फक्त नोंदणी लागायची आणि तिची फी वर्षाला १०० रुपये होती. मी ४,००० दिले, आणि त्या बदल्यात त्यानं कुणाच्या तरी प्रमाणपत्रावर माझं नाव चिकटवून झेरॉक्स काढून दिली.

संक्रांतीच्या आधी त्याचा फोन आला, "ताई, पेढे घेऊन या, मंजुरी आली." कागदावर योजनेचं बोधचिन्ह होतं, खाली जांभळा गोल शिक्का होता, आणि "मंजूर रक्कम ४,५०,०००" असं ठळक अक्षरात लिहिलेलं होतं. दहा टक्के स्वतःचा हिस्सा, म्हणजे ४५,०००, त्याच दिवशी भरायचा, नाहीतर फाइल परत जाईल असं तो म्हणाला. तीस हजार घरात होते, पंधरा गटातून उचलले. त्यानं दिलेल्या नंबरवर यूपीआयनं पाठवताना पडद्यावर एका बाईचं नाव आलं. मी विचारलं. "मॅडम आहेत, अकाउंट सेक्शनच्या," म्हणाला. तिथं मी थांबायला हवं होतं. दहा टक्के हिस्सा भरावा लागतो हे खरंच आहे, म्हणूनच ते पटलं. पण कर्ज देणार बँक, आणि तो हिस्सा बँकेच्या व्यवहारात, पावतीवर दिसतो. कुणाच्या खासगी खात्यात तो कधीच जात नाही.

दुकानदाराकडून परत आल्यावर मी ते मंजुरीपत्र घेऊन बँकेत गेले. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "यावर शाखेचं नाव कुठं आहे?" नव्हतंच. त्यांच्याकडं माझा अर्जसुद्धा आलेला नव्हता.

घरी भाची आली होती, बी.कॉम.ला आहे. तिनं त्या माणसानं दिलेलं मशीनचं कोटेशन बघायला मागितलं. पत्ता लातूरचा होता, पण जीएसटी नंबराची सुरुवात ०९ नं. महाराष्ट्राचा नंबर २७ नं सुरू होतो, ०९ उत्तर प्रदेशचा. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकला तर मोबाईलचं सामान विकणारी फर्म निघाली. पाच मिनिटांचं काम, लॉगिनसुद्धा लागत नाही. त्याच कोटेशनवर मशीनला दहा एचपीची मोटर लिहिली होती. आमच्या घरी सिंगल फेज लाईट, तिच्यावर एवढी मोठी मोटर चालत नाही. थ्री फेज आहे का, जागा कुठली, ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरजागेचा उतारा, कुणाच्या नावावर आहे, यातलं त्या माणसानं तीन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. ज्याला खरंच मिल उभी करून द्यायची आहे तो हे आधी विचारतो.

आता ते वेगळं सांगते. उद्यमचा ओटीपी आला तेव्हा मी शेतात होते. त्यानं फोनवर मागितला, मी वाचून दाखवला. अर्जात संपर्काचा मोबाईल आणि ईमेल त्यानं स्वतःचे टाकले. म्हणजे धंदा माझा, आधार माझं, पॅन माझं, पण त्यात काही बदलायचं तर ओटीपी त्याच्या फोनवर जाणार. माझ्या नावानं त्यानं आणखी कुठं कुठं अर्ज केले असतील या विचारानं कित्येक रात्री झोप लागली नाही. अजूनही आधारची झेरॉक्स कुणी मागितली की हात आखडतो. पैसे पुन्हा मिळवता येतात. आपलं नाव दुसऱ्याच्या फोनला बांधलेलं असणं हे मात्र फार वाईट. तुम्ही काहीही करा, अर्ज कुणाकडूनही भरून घ्या, पण त्या खान्यात नंबर तुमचाच जातोय हे शेजारी बसून डोळ्यानं बघा, आणि ओटीपी फोनवर सांगू नका.

ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर १९३०, त्यावर मी फोन केला तेव्हा महिना उलटून गेला होता. पैसे गेल्याचं लक्षात येताच केला तर पुढच्या खात्यात ते अडकवता येतात, उशीर झाला की कठीण होतं. पोलिसांत अर्ज दिला आहे. तो माणूस आता त्या दुकानात बसत नाही. भाऊजींना फार वाईट वाटतं, पण त्यांना मी कधी बोल लावला नाही. त्यांनी चांगल्या मनानंच नेलं होतं.

पुढं लातूरला जिल्हा उद्योग केंद्रात गेले आणि उद्यममधला नंबर बदलून घेतला. तिथंच कळलं, की डाळ मिलसाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना आहे, २०२० पासूनची. अनुदान ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. राज्यात ती कृषी विभागाकडून चालते. प्रकल्प अहवाल करायला, बँकेपर्यंत न्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात आणि त्यांचं मानधन सरकार देतं. आपण एक रुपया द्यायचा नसतो. अनुदान हातात मिळत नाही, ते कर्ज देणाऱ्या बँकेत जमा राहतं आणि हप्ते नीट गेले तर तीन वर्षांनी कर्जात वळतं. "पंधरा दिवसांत हातात" हे शब्द ऐकले तेव्हा मला एवढं माहीत असतं तर मी तिथूनच उठून आले असते.

नवा अर्ज मी स्वतः शेजारी बसून भरून घेतला. फूड नोंदणी माझ्या नावानं झाली आहे, तिचा नंबर दुकानदारानं पुन्हा मोबाईलमध्ये टाकून पाहिला आणि मग दहा पाकिटं ठेवून घेतली.

जुनी हजार पाकिटं माळ्यावर आहेत. वरून स्टिकर लावून वापरा, असं दोघातिघांनी सुचवलं. खाली दुसऱ्याचा नंबर आहे, मी ती वापरणार नाही. पोलिसांनी मागितली तर असावीत, म्हणून पोत्यात बांधून ठेवली आहेत.