कॉफी प्रेस, आठ महिन्यांनंतर : काच शाबूत, आटे गेले

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दांडी हातात आली आणि जाळी खाली गाळातच बसून राहिली. तेव्हाच हे लिहायचं ठरवलं होतं. राग जरा निवळू दे म्हणून थांबलो. थोडा निवळलाय.

वस्तू सगळ्यांनी बघितलेली आहे : काचेचं भांडं, झाकण, दांडी, दांडीच्या टोकाला जाळी. पूड नि गरम पाणी घालायचं, थोड्या वेळानं दांडी दाबायची, जाळी गाळ खाली लोटते आणि वरची कॉफी कपात ओतायची. माझी ६०० मिलीची, १,१५० रुपयांना पडली. आणली त्या दिवशी घरात एकच भविष्य वर्तवलं गेलं, काच फुटणार. आई म्हणाली महिना, बायको म्हणाली पंधरा दिवस. स्टीलच्या कळशीशेजारी, मोरीच्या कट्ट्यावर, भांडी घासणाऱ्या मावशींच्या तावडीत आठ महिने काढले तिने; साधा टवका नाही. काचेची धास्ती घेऊन कुणी थांबला असेल तर खुशाल घ्या. घात दुसरीकडून होतो.

पहिले दोन महिने मात्र दोष माझाच होता. घरात फिल्टर कॉफीची चिकोरी घातलेली बारीक पूड होती, तीच वापरली. ती जाळीतून सरळ खाली कपात. शेवटचा घोट म्हणजे रंकाळ्याच्या काठचा चिखल. शिवाय बारीक पूड जाळीला चिकटून बसते, दांडी खाली जात नाही, आपण जोर लावतो आणि बाजूने गरम पाण्याची चिळकांडी शर्टावर. मग मेहुण्याकडून चिकमगळूरच्या बिया मागवल्या. हातानं दळायची चक्की घ्यायची तर प्रेसच्या दुप्पट पैसे, म्हणून मिक्सरला थांबत थांबत फिरवतो आणि रव्याच्या चाळणीनं चाळतो. वर उरतं ते प्रेसला : ज्वारीच्या कण्या असतात ना, साधारण तेवढं जाड. खाली पडलेलं बारीक संध्याकाळी दुधात उकळून आईला. एक दाणा वाया जात नाही.

बाकी कृती सोपी. २४ ग्रॅम कॉफी, ४०० मिली पाणी, चार मिनिटं. पाणी उकळून थोडं निवू द्या असं सगळे सांगतात, मी तो नाद सोडला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, आपल्याकडे पाणी ९८ अंशांवरच उकळतं, आणि काचेत ओतेपर्यंत आणखी उतरतं. थर्मामीटरचे पैसे वाचले.

आता मुद्द्याचं. दांडीच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि त्यावर चकती, स्प्रिंगचं कडं नि जाळी फिरवून बसवलेली असते. बोटाच्या पेरापेक्षाही कमी लांबीचे आटे. सगळ्या यंत्राचा जीव तेवढ्यात. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय की जाळी नियमित सोडवून धुवा, नाहीतर जुन्या तेलाचा वास येतो. खरं आहे, येतो. म्हणून मी रोज सोडवायचो, रोज धुवायचो, रोज आवळायचो. सातव्या महिन्यात आवळताना ती नुसतीच गरगरा फिरायला लागली. मी प्लंबरच्या टेपचा तुकडा गुंडाळून आठवडा काढला. मग तो रविवार.

कंपनीला मेल टाकला. उत्तर आलं, व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग बिल पाठवा, मग खोक्यावरचा नंबर पाठवा. खोकं कोण ठेवतं आठ महिने? (बायको ठेवते. सापडलं.) एवढं झाल्यावर उत्तर काय, तर 'जाळी वारंवार सोडवल्यामुळे झालेली झीज वॉरंटीत बसत नाही'. अहो, तुमच्याच पुस्तिकेत पान तीनवर लिहिलंय सोडवा म्हणून! त्या पानाचा फोटो काढून पाठवला. त्यावर दोन दिवस शांतता, मग फोन. पलीकडची मुलगी बिचारी गोड बोलत होती, तिचा काय दोष. नुसती दांडी मिळत नाही म्हणाली. झाकण-दांडी-जाळी असा पूर्ण संच घ्यावा लागेल, ६४० रुपये, पाठवणावळ वेगळी. म्हणजे चार आण्याच्या आट्यांसाठी निम्म्याहून जास्त यंत्र नवं. मी नाही म्हणालो. त्या रात्री, खरं सांगतो, झोप नीट लागली नाही. ६४० रुपयांसाठी नाही, त्या 'वारंवार'साठी.

दुसऱ्या दिवशी दांडी खिशात घालून शिवाजी उद्यमनगरात गेलो. ज्या गावात ऑइल इंजिनचे सुटे भाग घडले, तिथं कॉफीची दांडी होत नाही म्हणजे काय! ओळखीच्या लेथवर गेलो. मिस्त्रींनी दांडी उजेडात धरली, नख फिरवलं.

"हे काय हो साहेब, सायकलचं स्पोक?"

कॉफीचं आहे म्हटलं. कसं चालतं ते सांगितलं. त्यांनी टोकाला बोट लावून चिमटीत चोळलं, काळपट चिकट काहीतरी निघालं.

"बघा. कॉफीचा चुरा आट्यात बसलाय. त्यावर तुमी रोज आवळताय. आमी व्हॉल्व घासायला पेस्ट लावतो की नाही, तसलंच झालं हे. आठ महिने टिकलं हेच लई."

कंपनीच्या एवढ्या मेलांत जे कुणाला सांगता आलं नाही ते अर्ध्या मिनिटात कळलं. आटे गेले ते सोडवल्यामुळे नाही. न धुता आवळल्यामुळे. मी जाळी धुवायचो, दांडीचं टोक कधीच नाही. म्हणजे कंपनीला घातलेल्या शिव्यांतल्या थोड्या मला परत घ्याव्या लागतील. थोड्याच. स्टीलवर स्टील, एवढे बारीक आटे, आणि टोक धुवायचं असतं हे पुस्तिकेत एका शब्दानं नाही.

मिस्त्रींनी झिजलेला तुकडा कापून टाकला, वरच्या चांगल्या भागावर डाय फिरवून नवे आटे पाडले, चकतीच्या भोकात टॅप घालून आतले आटेही नीट केले. दहा मिनिटं. चाळीस रुपये. चहा त्यांनीच पाजला. या प्रेसचं पेटंट १९२९ साली कालिमानी नावाच्या इटालियन माणसानं घेतलं आणि पुढे फ्रान्समध्ये ती क्लॅरिनेट बनवणाऱ्या कारखान्यात तयार व्हायची, असं मी त्यांना सांगितलं. "मग सनईवाल्याकडं न्यायची होती," म्हणाले.

घरी येऊन बघतो तर दांडी नऊ मिलिमीटरनं आखूड. झाकण पूर्ण टेकवलं तरी जाळी गाळापर्यंत पोचत नाही, वरच थांबते. चडफडलो. चाळीस रुपयेही गेले असं वाटलं. तरी कॉफी केलीच.

आणि कप स्वच्छ! म्हणजे अगदी कागदातून गाळल्यासारखा नाही, पण तळाशी जिथं बोटभर चिखल राहायचा तिथं पुसट रेघ. दोन दिवस नशीब समजलो, तिसऱ्या दिवशी कारण लक्षात आलं. चार मिनिटांत कॉफी उतरलेली असते. गाळ तळाशी बसलेला असतो. आपण जाळी त्यावर नेऊन दाबतो, तेव्हा बसलेलं सगळं ढवळून वर येतं आणि बारीक कण जाळीच्या कडेनं निसटतात. दाबून जास्त काही मिळत नाही, कडवटपणा मात्र मिळतो. आता मी चार मिनिटांनी वरचा फेस चमच्यानं काढतो, आणखी चार-पाच मिनिटं तसंच ठेवतो आणि जाळी फक्त गाळणीसारखी वर धरून ओततो. नावात प्रेस आहे म्हणून प्रेस करायलाच पाहिजे असं नाही. आठ महिने नको तिथं जोर लावत होतो.

किरकोळ गोष्टी. गंगावेशीतलं म्हशीचं दूध यात घालू नका. साय एवढी की कॉफी कुठली ते कळत नाही, आणि मग महाग बिया कशाला? मोरीत गाळ ओतू नका, एकदा तुंबली की कळेल; आमचा कढीपत्त्याच्या कुंडीत जातो. कोलेस्टेरॉल जास्त असेल तर रोज दोन-तीन कप नको : कॉफीच्या तेलातलं कॅफेस्टॉल कागदात अडकतं, धातूच्या जाळीत नाही, आणि त्यानं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. माझा रिपोर्ट काठावर आहे, म्हणून सकाळी एकच.

घ्यावी का? घ्या, पण दुकानात जाळी सोडवून बघा. आटे किती लांब आहेत, चकती डुगडुगते का. दुकानदार वैतागला तर वैतागू दे. आणि धुताना दांडीच्या टोकाला जुना टूथब्रश मारा.

गेल्या आठवड्यात उद्यमनगरातून जात होतो, मिस्त्रींना विचारलं, पुन्हा आटे गेले तर अजून कापता येईल का?

"अजून दोनदा," म्हणाले. "मग सरळ चमच्यानं गाळा."