ग्लास-फिल्ड नायलॉनच्या नावाखाली खडूची भुकटी

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं मोल्डिंग युनिट आहे. स्विचगियरला, म्हणजे वीज जोडण्या-तोडण्याच्या उपकरणांना, लागणारी प्लास्टिकची ब्रॅकेट आम्ही काढतो. आम्हाला ज्या रीतीने फसवलं गेलं ती नेहमीच्या तपासणीत सापडतच नाही, आणि शेजारची युनिटं अजून त्याच माणसाकडून माल उचलतात, म्हणून हे लिहितोय.

माल होता 30 टक्के ग्लास-फिल्ड नायलॉन 6, म्हणजे वजनाच्या 30 टक्के काचेचे तंतू भरलेलं नायलॉन, काळा दाणा. सोबत टेस्ट सर्टिफिकेट : राख (दाणा जाळल्यावर उरणारा भाग) 30 टक्के, घनता 1.36. दोन्ही आकडे तपासले, दोन्ही बरोबर निघाले. तरी ब्रॅकेट स्क्रूच्या भोकापाशी तडकून परत यायला लागली.

व्यापारी दांडिया बाजारातला, आपलाच मराठी माणूस. म्हणाला, "काका, नायलॉन पाणी ओढतं, तुमचा दाणा ओला राहिला असणार." हे उत्तर तयारच असतं. नायलॉन खरोखर ओलावा धरतं, त्यामुळे मोल्डर गप्प बसतो. आमचा दाणा मात्र ड्रायरमध्ये 80 अंशांवर वाळल्याशिवाय मशीनवर चढत नाही.

लबाडी राखेतच होती. मफल भट्टीत 600 अंशांच्या आसपास दाणा जाळला की नायलॉन उडून जातं आणि भरलेली वस्तू मागे राहते. नुसती ग्लास असेल तर तंतू एकमेकांत गुंतलेले राहतात, चिमट्याने उचलले तर गुंता अख्खा वर येतो. आमच्या मुशीत तंतू थोडे आणि भुकटी जास्त. तिच्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडताच ती फसफसली. ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच.

ग्लासची घनता 2.55च्या आसपास, कार्बोनेटची 2.7. एवढ्याशा फरकाने दाण्याचं वजन बदलत नाही, आणि राख तर दोन्हींची राहतेच. म्हणून सर्टिफिकेट खरं ठरतं आणि माल खोटा. ताकद येते ती तंतूंच्या लांबीमुळे : 10-13 मायक्रॉन जाडीचा, त्याच्या कितीतरी पट लांब तंतू प्लास्टिककडून भार स्वतःवर घेतो. भुकटीच्या कणाला तसं धरायला काही नसतं.

फिलर, म्हणजे प्लास्टिकमध्ये मिसळायच्या भुकट्या, वाईट असतात असं मी अजिबात म्हणत नाही. टाल्क (शंखजिऱ्याची भुकटी) घातलेलं पॉलिप्रॉपिलीन कडक होतं, आकसतं कमी, आणि टाल्क म्हणून विकलं तर तो चोख व्यवहार. पण स्वस्त खडू ग्लासच्या भावाने विकणं ही उघड चोरी आहे, आणि ती विजेच्या उपकरणांत जाऊन बसते याचा मला जास्त संताप येतो.

व्यापाऱ्याने उरलेल्या गोण्या परत घेतल्या. तडकलेल्या मालाची भरपाई द्यायला तो तयार नाही.

ऑर्डरवर "फक्त ग्लास फायबर, मिनरल फिलर नको" असं लिहूनच घ्या आणि प्रत्येक लॉटचा मूठभर दाणा शिक्का मारून ठेवा. आम्लावर सगळा भरवसा ठेवू नका. टाल्क फसफसत नाही, तेव्हा राख गुंत्यासारखी आहे की भुकटी, हे डोळ्यांनी पाहा. शंका वाटली तर अहमदाबादच्या सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेतून ताणशक्ती काढून घ्या. असल्या नायलॉनच्या कोरड्या नमुन्याला साधारण 150 मेगापास्कलच्या वरचा आकडा यायला हवा.