मालवणच्या पाण्यात पहिला कॅमेरा कोणता?

मालवणला डायव्हिंगचं ठरलं की प्रश्न येतोच: गोप्रो हा छोटा व्हिडिओ कॅमेरा घ्यावा की ऑलिंपसवाला टफ हा वॉटरप्रूफ कॅमेरा, जो आता ओएम सिस्टिम टीजी-७ नावाने मिळतो? फोनचं प्लास्टिक पाऊच मोजतच नाही. पाण्याखाली टचस्क्रीन बोटाला दाद देत नाही, आणि खारं पाणी आत शिरलं तर फोन गेलाच.

लक्षद्वीपचे निळेशार फोटो बघून मात्र खरेदी करू नका. आपल्याकडे ऐन हंगामातही पाण्यात बारीक गाळ तरंगत असतो, थोड्या अंतरावरचा मासासुद्धा धूसर दिसतो. लाल रंग तर वरच्या काही मीटरांतच विझतो, म्हणून सगळं हिरवट येतं. फ्लॅश मारला की तोच गाळ पिठीसाखर भुरभुरल्यासारखा चमकतो. उपाय एकच, जवळ जायचं.

आणि जवळ जायचं म्हटलं की गोप्रो अडतो. फूटभराच्या आत त्याचा फोकस धड बसत नाही. बाकी तो गुणी आहे. हाउसिंगशिवाय, म्हणजे वरून वॉटरप्रूफ कवच न चढवता, १० मीटरपर्यंत चालतो, मनगटाला बांधला की विसरायचा. माशांचा थवा किंवा प्रशिक्षकाचा हात न सोडणारा मेहुणा, असले व्हिडिओ त्यानेच काढावेत.

टीजी-७ मायक्रोस्कोप मोडमध्ये भिंगापासून १ सेंमीवरचं टिपतो. रत्नागिरीजवळच्या खडपांवर, म्हणजे किनाऱ्याच्या कातळांवर, ओहोटीला उरलेल्या डबक्यात मला एकदा नखाएवढी समुद्री गोगलगाय दिसली. पाठीवर कल्ल्यांचा झुपका, फुलासारखा उघडलेला. माझी सावली पडताच तो आत ओढला गेला. पाच मिनिटं दम धरला तेव्हा पुन्हा उमलला, आणि मिळाला फोटो. गोप्रोत तो नुसता ठिपका आला असता.

खर्च मात्र धरून चाला. टीजी-७ १५ मीटरपर्यंतच सुरक्षित, आणि ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स केलात की तुम्ही १८ मीटरपर्यंत उतरणार. म्हणजे वेगळं हाउसिंग आलं.

माझं मत विचाराल तर टीजी घ्या, आणि पहिला हंगाम खडपांवरच काढा. पहिल्या डायव्हला प्रशिक्षक तुम्हाला धरून फिरवतो, तिथे निवांत फोटो कुठले! अमावास्या-पौर्णिमेला पाणी लांब ओसरतं, तेव्हा जा. दगड उलथू नका, उलथलाच तर होता तसा ठेवा. प्रवाळाला हातही नको; १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. फक्त घरच्यांचे व्हिडिओच हवे असतील तर गोप्रो बरा, उगाच जास्त पैसे घालू नका.

कुठलाही घ्या, पाण्यात उतरण्याआधी झाकणाचं रबर बोटाने चाचपून बघा आणि वर आलात की गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. माझा पहिला कॅमेरा गेला तो वाळूच्या एका कणामुळे. बॅटरीच्या झाकणात अडकला होता, मला दिसला तो कॅमेरा उघडल्यावर, पाण्यासकट.