स्टॅफर्ड की लॅटव्हियन? काळ्याने कोणता गँबिट घ्यावा

बुद्धिबळात १. ई४ ई५ २. घोडा एफ३ नंतर काळ्याकडून धोका पत्करायचा असेल, तर या दोन गँबिटांची, म्हणजे हल्ल्यासाठी सुरुवातीलाच प्यादं देऊ करणाऱ्या डावांची, नावं हमखास निघतात. लॅटव्हियनमध्ये काळा दुसऱ्याच चालीला एफ५ करतो. स्टॅफर्डमध्ये दुसरी चाल घोडा एफ६. पांढऱ्या घोड्याने ई५ मारलं की घोडा सी६. पांढरा तो घोडा मारतो, काळा डी-प्याद्याने परत मारतो आणि एक प्यादं कायमचं कमी होतं.

त्या प्याद्याचे पैसे सापळ्यांतून वसूल होतात. ५. डी३ उंट सी५ नंतर ६. उंट जी५ ही चाल अगदी सहज सुचते, पण काळा घोड्याने ई४ मारतो. वजिराच्या मोहाने पांढऱ्याने डी८ मारलं, तर उंटाने एफ२ मारून शह, राजा ई२ आणि उंट जी४वर मात! ५. ई५ केलं तर घोडा ई४, त्यावर ६. डी३ उंट सी५ ७. घोडा मारला की पुन्हा उंटाने एफ२वर शह, आणि पांढऱ्याचा वजीर जातो. ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावांत, हे सारखं चालतं.

पण इंटरनॅशनल मास्टर एरिक रोझेनच्या व्हिडिओंमुळे हा गँबिट घराघरांत पोचला, तसा त्यावरचा उताराही पोचला: ५. डी३ उंट सी५ ६. उंट ई२ एच५ ७. सी३. काळ्याची आशा अशी की घोडा जी४ करावा, पांढऱ्या उंटाने तो मारला की एच-प्याद्याने परत मारून हत्तीची पट्टी उघडावी. पांढरा मारतच नाही. तो ८. डी४ करतो, एफ२कडची तिरकी बंद होते आणि सी५च्या उंटावर हल्लाही होतो. शिवाय पांढऱ्याने ई५ न मारता तिसरी चाल डी४, घोडा सी३ किंवा उंट सी४ केली, तर स्टॅफर्ड येतच नाही. म्हणजे पेट्रॉफही (२... घोडा एफ६ने सुरू होणारा मूळ बचाव) तयार हवा.

लॅटव्हियन टाळणं पांढऱ्याच्या हातात नाही, हा त्याचा खरा फायदा. सतराव्या शतकातल्या ग्रेको या इटालियन खेळाडूच्या काळापासूनची ही ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात. कार्लिस बेटिन्श आणि इतर लॅटव्हियन खेळाडूंनी तिचा कसून अभ्यास केला. ३. घोड्याने ई५ मारलं की वजीर एफ६ हवाच, नाहीतर एच५वरून वजिराचा शह झोंबतो. पुढची कडक लाइन: ४. घोडा सी४, एफ-प्याद्याने ई४ मारा, ५. घोडा सी३ वजीर एफ७ ६. घोडा ई३ सी६ ७. डी३, ते प्यादं मारा, उंट परत मारतो, ८... डी५ (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल). प्यादी मोजा: सारखीच आहेत! काळा मागे आहे तो मोहरी बाहेर काढण्यात. पांढरा डी५वर घोड्याचा बळी देऊ शकतो, हे डोक्यात ठेवूनच पुढे खेळायचं.

३. उंट सी४ मात्र पाठच लागतं. एफ-प्याद्याने ई४ मारा, ४. घोडा ई५ मारतो, वजीर जी५ ५. डी४, वजिराने जी२ मारा, ६. वजीर एच५ शह जी६ ७. उंट एफ७ शह राजा डी८ ८. उंट जी६ मारतो, वजिराने एच१ मारून शह, ९. राजा ई२. इथे सी१चा उंट मारायचा मोह होतो, पण एफ७वरून घोड्याचे शह सुरू झाले की काळा संपतो. ९... सी६ करून राजाला सी७ची वाट द्या.

तीन मिनिटांच्या डावांसाठी स्टॅफर्ड घ्या. एका रविवारात बसतो. महिनाभर रोज तासभर देणार असाल, तर लॅटव्हियन. क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या, स्पर्धेत तयारीनिशी बसलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे दोन्हींत पांढराच वरचढ, तिथे कोणताही काढू नये. तरीही स्टॅफर्डकडेच मन ओढत असेल, तर आधी ७. सी३ नंतरची स्थिती इंजिनविरुद्ध (बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामविरुद्ध) काळ्याकडून दहा वेळा खेळून बघा आणि मगच ठरवा.