गच्चीवरच्या बारा ‘खालून पाणी पिणाऱ्या’ कुंड्या: चौदा महिन्यांनंतर

मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी घरीच बारा कुंड्या बनवल्या. खालच्या कप्प्यात पाणी, वर माती, आणि झाड आपल्या तहानेप्रमाणे खालून पाणी ओढून घेतं. आता एप्रिल चालू आहे. म्हणजे एक अख्खा उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा काढून झाला आणि दुसरं ऊन डोक्यावर आलं. कुंड्या बनवायच्या कशा ते सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. बनवल्यावर सांभाळायच्या कशा, ते मला चुका करत शिकावं लागलं. तेच लिहिते.

आम्ही लातूरचे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते लातूर. त्या वर्षी माझ्या गच्चीवर एक झाड उरलं नव्हतं. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालायचं की भांडी विसळायला ठेवायचं, असा रोजचा विचार असायचा. ती सवय अंगातून गेलेली नाही. वरून ओतलेलं पाणी कुंडीच्या बुडातून स्लॅबवर वाहताना पाहिलं की अजूनही जीव हळहळतो. या कुंड्या करण्यामागे एवढंच कारण होतं.

माझ्याकडे तीन प्रकार आहेत. सहा कुंड्या रंगाच्या २० लिटरच्या बकेटांच्या, एकात एक अशा दोन-दोन बसवलेल्या. चार खाद्यतेलाच्या १५ लिटरच्या पांढऱ्या कॅनच्या. आणि दोन लिटरच्या बाटल्या कापून केलेले कोथिंबिरीचे दोन संच. बाटल्यांचं आधीच सांगून मोकळी होते: त्या करू नका. पारदर्शक असल्यामुळे पंधरा दिवसांत आत हिरवं शेवाळ चढतं, आणि पाणी मावतं ते भांडंभर, मे महिन्यात एका दुपारी संपतं.

बकेटा पेंटरकडून आणि भंगारातून घेतल्या. फक्त डिस्टेंपरच्या, म्हणजे पाण्यात कालवायच्या रंगाच्या. ऑइलपेंट, थिनरच्या नाही. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, कारण आपल्याकडे प्रत्येक शेतात औषधाचे रिकामे कॅन पडलेले असतात: फवारणीच्या औषधाचा किंवा तणनाशकाचा कॅन कितीही धुतला तरी त्यात भाजी लावू नका. माझ्या दिराने गावाकडून असे चार चांगले मजबूत कॅन आणून दिले होते. मी ते हात न लावता परत पाठवले.

पहिली मोठी चूक मातीची. औशाकडच्या आमच्या शेतातली काळीभोर माती पोत्याने आणली, कारण त्या मातीवर माझा जीव. पण ही चिकण काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि तिच्यात हवा राहत नाही. खालून सतत ओल मिळाल्यावर बकेटात तिचा चिखलाचा गोळा झाला. टोमॅटोची रोपं पिवळी पडली, उपटली तर मुळं तपकिरी, बोटाने दाबली की सालासारखी निसटणारी, आणि गटारासारखा वास. आता दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू असं मिश्रण वापरते. शेतातली माती घातली तर ओंजळभर. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोनदा पाणी बदलून पिळून घेते, कारण त्यात मीठ असतं.

आतल्या बकेटाच्या बुडाला मधोमध मोठं भोक पाडून त्यात श्रीखंडाचा अर्धा किलोचा डबा बसवलाय. डब्यालाही सगळीकडून भोकं. तो खालच्या पाण्यात बुडलेला असतो आणि त्यातलं मिश्रण वातीसारखं पाणी वर चढवतं. कॅनच्या कुंड्यांत मी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांच्या वाती सोडल्या होत्या. चार महिन्यांत त्या कुजून तुटल्या. सुती वात नको, नायलॉनची जाड दोरी टिकते. माझ्या दोऱ्या मागच्या जूनपासून तशाच आहेत.

आता उन्हाचं. यावर जरा थांबते, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालं.

पहिल्या उन्हाळ्यात मी कुंड्या तशाच उघड्या ठेवल्या. प्लास्टिकच तर आहे, काय होतंय, असं वाटलं. वर्षभर काही झालंही नाही. यंदा मार्चमध्ये पश्चिमेच्या कठड्याजवळचा एक तेलाचा कॅन सरकवायला म्हणून कडेला धरून उचलला, तर ती कड हातातच राहिली. तळहातावर पांढरे बारीक कपचे, वाळलेल्या पापडासारखे. दाबले तर आणखी मोडले. वरून कॅन जसाच्या तसा दिसत होता, पण बोट फिरवल्यावर खडूसारखी पांढरी भुकटी लागत होती. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात, मग त्याचा लवचिकपणा जातो. ही भुकटी दिसली की समजावं, आतून काम झालेलं आहे. त्यानंतर आठवड्यानेच अवकाळी आलं, पाचेक मिनिटं गारा पडल्या आणि शेजारचा दुसरा कॅन उभा चिरला. अख्खं पाणी स्लॅबवर. मिरचीला त्यात कळ्या होत्या.

रंगाच्या बकेटा मात्र अजून दणकट आहेत. बुडाखाली त्रिकोणात ५ असा आकडा आहे, म्हणजे पॉलिप्रोपिलीन. तेलाच्या कॅनवर २, म्हणजे एचडीपीई. तसं उघड्यावर टिकण्यात एचडीपीई काही कमी नाही, उलट उजवंच मानतात. फरक जाडीचा आहे. बकेटांची भिंत जाड आणि कड दुमडलेली, कॅन पातळ. म्हणून आकडा बघाच, पण आधी भिंत दाबून बघा.

झाकण्याचे प्रयोग बरेच केले. आधी चुना फासला. प्लास्टिकवर चुना बसत नाही, पहिल्याच सरीत वाहून गेला. मग ऑइलपेंट. या दोन्ही जातींचं प्लास्टिक रंग धरत नाही, महिन्याभरात साल निघाल्यासारखे पोपडे आले. सँडपेपरने घासून लावला त्या बकेटावर थोडा जास्त टिकला, इतकंच. शेवटी उपाय सांगितला आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी. त्या म्हणाल्या, “रांजणाला बारदाना गुंडाळताव की नाही? मग ह्येला काय हुतंय?” खरंच की! धान्याची जुनी पोती उसवून प्रत्येक कुंडीला दोन पदर गुंडाळले, सुतळीने बांधले. वरची कडही आत दुमडून झाकली, कारण ऊन सगळ्यात आधी कडेला खातं.

एकाच गोष्टीने दोन कामं झाली. प्लास्टिक वाचलं ते वाचलंच, मुळंही वाचली. मागच्या मे महिन्यात दुपारी तीन वाजता उघड्या बकेटाला हात लावला तर चटका बसायचा, आणि खालचं पाणी चहाच्या आधणासारखं गरम. आता बारदाना गुंडाळलेल्या कुंडीत हात घातला तर पाणी सावलीतल्या पिंपाएवढंच. वांग्याची फुलं गळणंही त्या कुंड्यांत कमी झालं. बारदाना ओला करायचा नाही हं. मला मोह झाला होता, पण त्यात पाणीही जातं आणि पोतं लवकर कुजतं. कोरडा बारदाना एक उन्हाळा आणि निम्मा पावसाळा निघावा, मग बदलायचा. वर मातीवर सोयाबीनच्या गुळीचा, म्हणजे भुसकटाचा, चार बोटं थर. शिवाय पश्चिमेकडून ५० टक्क्यांचं शेडनेट, मार्च ते जूनपर्यंत.

पाण्याचा हिशेब सांगते, कारण त्यासाठीच हा खटाटोप. खालचा कप्पा साधारण पाच लिटरचा. मे महिन्यात मोठ्या वांग्याला तो दोन दिवस पुरतो, मिरचीला तीन. थंडीत पालकाला आठ-नऊ दिवस. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आम्ही तीन दिवस शेतात होतो, भज्जी-आंबील करून परत आलो तर कोथिंबीर जशीच्या तशी तरतरीत. साध्या कुंड्यांच्या दिवसांत गावाला जायचं म्हटलं की शेजारी किल्ली ठेवावी लागायची.

कप्पा पूर्ण कोरडा पडला तर मात्र नुसतं खाली पाणी भरून भागत नाही. कोकोपीट सुकलं की वातीतली ओल तुटते, पाणी वर चढतच नाही. खाली कप्पा भरलेला आणि वर झाड माना टाकलेलं, असं दोनदा झालं. अशा वेळी एकदा वरून हळूहळू तांब्या-दोन तांबे पाणी द्यायचं, मग पुन्हा खालून चालू होतं.

आता क्षार. ही चूक माझ्या काटकसरीतूनच झाली. घरच्या आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी मी मोठ्या आनंदाने कुंड्यांना घालत होते. कूलरच्या टाकीत उरलेलंही. ऑगस्ट उजाडायच्या आधीच मातीवर पांढरा थर आला, पाणी भरायच्या पाइपाच्या तोंडावर मिठागरासारखी कड जमली आणि मिरचीच्या पानांचे कोपरे जळाल्यासारखे तपकिरी झाले. मला वाटलं रोग आहे. नंतर लक्षात आलं: आरओ पाण्यातले क्षार गाळून त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच सोडतो, आणि कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कूलरच्या गवताच्या जाळीवर जो पांढरा दगडी थर येतो तोच. साध्या कुंडीत वरून पाणी घातल्यावर थोडे क्षार बुडातून निघून तरी जातात. इथे पाणी खालून वर चढतं आणि वरूनच उडतं, क्षार जायला वाट नाही. बोअरचं पाणी असलं तर विचारूच नका.

म्हणून वर्षातून दोन-तीनदा धुलाई. वरची दोन बोटं माती खरवडून टाकते, कुंडी तिरकी करून खालचं पाणी ओतते, मग वरून बादलीभर गोडं पाणी सावकाश घालते आणि खाली आलेलं तेही टाकून देते. ते पाणी फेकताना जीव कासावीस होतो, हे कबूल. त्यामुळे मी मोठी धुलाई आता पावसावर सोडलीय. जूनमधले पहिले दोन जोरदार पाऊस कुंड्यांवर मोकळे पडू देते, पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच असतात. एसीतून ठिबकणारं पाणी असेल तर तेही तसंच चांगलं. आरओचं पाणी आता फरशीला.

पावसाळ्यात सगळा जीव एका भोकात असतो: जादा पाणी बाहेर जायचं भोक. ते आतल्या बकेटाच्या बुडाच्या बोटभर खाली हवं, म्हणजे पाणी आणि माती यांच्यात हवेची फट राहते. सप्टेंबरच्या झडीत दोन बकेटांची भोकं मुंग्यांनी मातीने लिंपून टाकली होती. तीन दिवस कळलं नाही, तेवढ्यात एका वांग्याची मुळं सडली. आता दर रविवारी खराट्याची काडी प्रत्येक भोकात फिरवते. बारा भोकांना पाच मिनिटं.

आणि डास. जुलैच्या शेवटी संध्याकाळी पाणी भरायच्या पाइपात मोबाइलचा उजेड टाकला, तर तळाशी काळसर अळ्या वळवळत वर-खाली करत होत्या. माझं अंग शहारलं. घरात पाच वर्षांची नात आहे, आणि डेंगीचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो. त्याच दिवशी सगळे कप्पे रिकामे केले. त्यानंतर पाइपांच्या तोंडावर तेलाच्या कॅनचीच झाकणं बसवली, जादा पाण्याच्या भोकांवर जुन्या मच्छरदाणीचे तुकडे आतून लावले. तरीही पावसाळ्यात आठवड्याला एकदा कप्पा ओतते. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून दहाव्या दिवसाची वाट बघून चालत नाही. शिवाय या डासाची अंडी भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. नुसतं ओतून पुरत नाही, हंगाम बदलताना आतून घासणीने घासावं लागतं.

त्या घासण्याच्या निमित्ताने नोव्हेंबरमध्ये आतलं बकेट उचललं तेव्हाचं दृश्य विसरणार नाही. वांग्याची मुळं डब्याच्या प्रत्येक भोकातून बाहेर येऊन पाण्यात पसरली होती, पांढरीशुभ्र, म्हातारीच्या मोकळ्या केसांसारखी. निरोगी होती, म्हणून निम्मी ठेवून बाकीची कात्रीने कापली, भोकं मोकळी केली. झाडाने आठवडाभर तोंड पाडलं, मग नवी पालवी धरली.

दुरुस्तीचं थोडक्यात: या प्लास्टिकला एमसील किंवा कुठलाही गोंद नीट धरत नाही. चिरलेला कॅन मी गल्लीत येणाऱ्या बादल्या-खुर्च्या जोडणाऱ्याकडून डागून घेतला. त्याने त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी वितळवून शिवण घातली. पण जुनाट ठिसूळ प्लास्टिक शिवणीच्या शेजारी परत चिरतं, तसं ते चिरलंच. नवी भेग असेल तरच पैसे घालवा.

आजचा हिशेब असा. सहाच्या सहा बकेटा चालू. चार कॅनपैकी दोन गेले, तिसऱ्यावर भुकटी दिसायला लागलीय, चौथा जिन्याच्या सावलीत होता तो ठणठणीत. कॅनच्या जागी आणखी चार बकेटा पेंटरला सांगून ठेवल्यात, दोन कालच आल्या. बारदाना आधी, झाड नंतर. त्या दोन्हींना पोती बांधून झाली, आतमध्ये काटेरी वांग्याची रोपं रविवारी लावते.