फुटस्क्रेच्या व्हिएतनामी हॉटेलात नऊ महिने: तेवीस नंबर आणि बाकीचे

आधीच सांगते: या हॉटेलच्या मेनूवर १४६ नंबर आहेत आणि त्यातले मागवावेत असे पाच. ते पाच कुठले हे कळायला मला नऊ महिने लागले, चाळीसेक खेपा झाल्या आणि पैसे किती गेले ते नवऱ्याने हिशोबाच्या वहीत लिहून ठेवलंय, मी बघितलेलं नाही.

हॉटेल मेलबर्नच्या पश्चिमेला, फुटस्क्रे स्टेशनपासून चालत चार-पाच मिनिटांवर. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि गल्ल्यावरच्या बाईंना मला पुन्हा तोंड दाखवायचंय. तसंही हॉपकिन्स स्ट्रीटच्या आसपास असली हॉटेलं एकाला एक चिकटून आहेत. पांढऱ्या टाइल, पुसून पुसून चमकणारी टेबलं, भिंतीवर पदार्थांचे उन्हाने निळे पडलेले फोटो, कोपऱ्यात जमिनीवर लाल देव्हारा आणि त्याच्यापुढे संत्री. यातलं बरंच काही त्या सगळ्यांनाच लागू पडेल.

मी हॉपर्स क्रॉसिंगला राहते. त्या वेरिबी रेल्वे लाइनवर आपली मराठी माणसं भरपूर आहेत. ऑफिसातून घरी येताना फुटस्क्रे रोज लागतं, पण उतरतं कोण? उतरलोच तर मार्केटात भेंडी, अळकुड्या, ओली हळद घ्यायला, आणि पिशवी भरली की पुढची गाडी. मीही सहा वर्षं तेच केलं. मग गेल्या जूनमध्ये एका संध्याकाळी रुळांच्या कामामुळे गाडी फुटस्क्रेलाच थांबली, पुढे बदली बस. बससाठी रांग कोपऱ्यापर्यंत, वरून बारीक पाऊस, पायातले मोजे ओले. समोरच्या काचेवर वाफ धरलेली दिसली आणि मी आत शिरले.

मी बीफ खात नाही, त्यामुळे त्यांचा जो मुख्य पदार्थ, बीफचा फऽ, म्हणजे गरम रश्शातल्या तांदळाच्या शेवयांचा वाडगा, त्यावर माझं मत नाही. (‘फो’ म्हणू नका. मराठीतला साधा ‘अ’ लांबवायचा आणि प्रश्न विचारल्यासारखा सूर वर न्यायचा. तिकडे त्या सुराचं नावच ‘प्रश्न’ आहे.) माझा नंबर २३, फऽ गा, म्हणजे कोंबडीचा. इथे आपल्यासारख्यांनी एक गोष्ट विचारायलाच हवी: रस्सा कशाचा? बऱ्याच ठिकाणी बीफच्या हाडांचा एकच टोप असतो आणि तुमच्या नूडल्सवर नुसते चिकनचे तुकडे ठेवून देतात. मी आधी दुसऱ्या एका हॉटेलात दोन वर्षं तसंच खाल्लं होतं, हे मला नंतर कळलं. इथे टोप दोन आहेत. गल्ल्यावरच्या बाईंनी मला चक्क उठवून स्वयंपाकघराच्या दारापाशी नेलं आणि बोटाने दाखवलं: हा गाय, हा कोंबडी. त्या दिवसापासून मी इथली झाले.

चव सांगायची तर कोल्हापूरकरांना एका शब्दात कळेल. अळणी. मटण शिजल्यावर मसाला घालायच्या आधी लहान मुलांना वाटीत देतात ते, फक्त कोंबडीचं. त्यात आच दाखवून काळपट केलेला कांदा आणि आलं, थोडे धणे, खडीसाखर आणि फिश सॉस. बारीक मासळी मिठात घालून पिंपात महिनोन्‌महिने मुरवायची आणि खालून जो अर्क निघतो तो हा सॉस. बाटलीचं झाकण उघडून वास घेतलात तर सुकट आठवेल आणि तुम्ही पळून जाल. रश्शात त्याचा वास उरत नाही, नुसतं खारटपण उरतं, पण त्या खारटपणाला खोली असते. शेजारच्या टोपातून चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलची, लवंग असा घमघमाट येत असतो. मसाला भाजायला घेतलाय आणि घरात कोणीतरी आवाज देणार, असं मला दरवेळी वाटतं.

वाडग्याबरोबर एक ताट येतं: कच्चे लांबोडके मोड, लिंबाची फोड, लाल मिरचीच्या चकत्या आणि जांभळ्या देठाची तुळस. ती खरं तर सब्जाच्या रोपाची बहीण, थोडी बडीशेपेसारखी लागते. पहिल्या महिन्यात मी ते ताट कोशिंबिरीसारखं बाजूला ठेवून खात होते. शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांना ते पाहवेना. त्यांनी न बोलता आपल्या वाडग्यात पानं तोडून दाखवली: आधी रस्सा तसाच दोन चमचे, मग पानं, मग मोड, लिंबू सगळ्यात शेवटी. सॉसच्या दोन बाटल्या टेबलावर असतात, त्या रश्शात ओतायच्या नाहीत, छोट्या बशीत घेऊन मांस बुडवायचं. निदान आजोबांचा कायदा तसा आहे. हे पानांचं ताट दक्षिणेकडचं. फऽ मूळचा उत्तरेचा, १९५४ ला देशाची फाळणी झाली तेव्हा उत्तरेतली माणसं दक्षिणेत आली आणि त्यांच्याबरोबर हा वाडगाही आला. दक्षिणेची राजधानी सायगॉन, तिने त्यावर हिरवळ टाकली.

ही माणसं फुटस्क्रेतच का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. १९७५ ला सायगॉन उत्तरेच्या कम्युनिस्टांच्या हाती पडलं, पुढच्याच वर्षी निर्वासितांची पहिली होडी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनला लागली आणि पुढे मेलबर्नला आलेल्यांतले पुष्कळ जण इथून जवळच मारिबिर्नाँगच्या सरकारी वसतिगृहात उतरले. तिथून निघून जवळ जिथे भाडं परवडलं तिथे राहिले. आज मार्केटच्या शेजारी सायगॉनच्या नावाची कमान उभी आहे. सकाळी नऊला हॉटेलात गेलात तर त्या पिढीतली माणसं वर्तमानपत्र पसरून बसलेली दिसतात, मागच्या टेबलावर एक आजी पुदिन्याच्या जुड्या निवडत असतात आणि कोणी कोणाशी फारसं बोलत नाही.

सकाळीच जा, हे मी वारंवार सांगेन. सकाळचा रस्सा स्वच्छ, कडेला तुपासारखे बारीक थेंब. दुपारी दोननंतर तो आटून खारट होतो. आणि शनिवारी रात्री आठला गर्दीत टोप संपत आला की त्यात पाणी पडतं; हे मी तीनदा अनुभवलंय, भ्रम नाही. त्या तिन्ही रात्री घरी येऊन घटाघटा पाणी प्यायले, म्हणजे पातळ झालेली चव अजिनोमोटोने भरून काढली असणार. तेवीस नंबरच, पण शनिवारी रात्री मी तो कोणाला खायला सांगणार नाही.

आता शाकाहारी मंडळींसाठी, कारण सगळ्यात मोठा घोटाळा तिथेच झाला. नवरा अंडंही खात नाही. ऑगस्टमध्ये त्याला घेऊन गेले, ‘व्हेजिटेरियन’ असं दोनदा बजावलं, टोफू आणि शेवयांचा छान वाडगा आला. सोबत एका वाटीत पाण्यासारखं आंबटगोड, त्यात गाजराचे तंतू. त्याने ते सगळं वर ओतलं, निम्मं खाल्लं, ‘वा, मस्त आहे गं’ म्हणाला आणि मला तेव्हा वास आला. फिश सॉस, लिंबू, साखर. तो काही बोलला नाही, चमचा खाली ठेवला. बाईंना सांगितल्यावर त्यांचा चेहरा खरोखर पडला, पैसे घेतले नाहीत, पण झालं ते झालंच. त्यांच्या लेखी मांस नसलं की व्हेजिटेरियन. सॉस म्हणजे मीठ. तेव्हा त्यांनीच शब्द शिकवला: ‘अन चय’. ऐकणाऱ्याला चहा मागतोय असं वाटेल, पण याचा अर्थ बौद्ध पद्धतीचं शाकाहारी. हा शब्द उच्चारला की फिश सॉस गेला, हाडांचा रस्सा गेला आणि खूप कडक पाळणारे कांदा-लसूणही सोडतात. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ व्हिएतनामी बौद्ध असं जेवतात. म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास. त्या दिवशी गेलात तर फळ्यावर मेनूत नसलेले दोन शाकाहारी पदार्थ खडूने लिहिलेले असतात आणि ते एरवीच्या टोफूपेक्षा कितीतरी चांगले. नवरा आता कालनिर्णय बघून बाहेर जेवायला निघतो. एकादशीला नाही, पौर्णिमेला.

माझा दुसरा लाडका नंबर ५८, कम तम. साधा अर्थ: कणीचा भात. गिरणीत तांदूळ तुटून जी कणी पडते ती विकली जात नाही म्हणून गरिबाने खायची, हे त्यांच्याकडेही तसंच होतं. आता तीच कणी मुद्दाम मागवतात. गवती चहा आणि साखरेत मुरवून निखाऱ्यावर भाजलेला डुकराचा तुकडा, वर पातीच्या कांद्याचं तेल, बाजूला काकडी-टोमॅटो. कणी मोकळी, किंचित दाणेदार, ती सोबतच्या त्याच आंबटगोड फिश सॉसच्या पाण्याला धरून ठेवते. घरी कणीची पेज करणाऱ्या आईला मी फोटो पाठवला तर तिचं उत्तर: ‘एवढ्याशा कण्यांचे अठरा डॉलर?’

उरलेले तीन: राइस पेपरचे कोळंबी घातलेले रोल, भाजलेल्या मांसाच्या थंड शेवया आणि कॉफी. कॉफीचं मात्र सांगायलाच हवं. ग्लासच्या डोक्यावर पत्र्याची टोपी ठेवून देतात आणि थेंब थेंब पडत राहतो, खाली मिल्कमेडचा थर. घाई असेल तर मागवू नका. मी एकदा गाडी चुकू नये म्हणून टोपी दाबून बघितली, तर पोळलेला अंगठा दोन दिवस घेऊन फिरले.

बाकी १४१ नंबरांपैकी बरेचसे गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत जाऊ नये म्हणून आहेत. करी मागवू नका, ती पिवळी गोड आमटी आहे. फ्राइड राइस घरच्या फोडणीच्या भातापुढे काहीच नाही. सगळ्यात वाईट वाटलं ते बान सेओचं. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, तव्यावर टाकल्यावर होणाऱ्या ‘चर्र’ आवाजावरून नाव पडलेलं. कोकणातल्या घावनाचा भाऊच म्हणा ना. पण इथलं घावन तेलात बुडालेलं, मध्ये गिच्च. तीन वेळा संधी दिली.

सेवा झटपट, पण गोड बोलण्याची अपेक्षा नको. बसायच्या आत विचारतात, सात मिनिटांत वाडगा, संपला की उचलला. बिल गल्ल्यावर जाऊन द्यायचं. पंधरा डॉलरच्या आत कार्ड चालत नाही, सुट्टीच्या दिवशी दहा टक्के जादा. तेवीस नंबर जूनमध्ये सोळा डॉलरला होता, आता सतरा. मेनूवर पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने आकडा लिहिलाय, नखाने खरवडलं तर खाली चौदाही दिसतो.

डिसेंबरात आई आली. ती चॉपस्टिकला हात लावणार नव्हतीच. रस्सा एक चमचा घेतला, म्हणाली, ‘अगं, ही अळणीच की!’ आणि मग शेवया बाजूला सारून भात मागितला. बाईंना काही कळेना. मी कणीचा एक वाडगा मागवला, आईने रस्सा त्यावर ओतला, लिंबू पिळलं, हाताने कालवलं. शेजारचे आजोबा वर्तमानपत्राच्या वरून बघत होते, पण यावेळी काही शिकवायला आले नाहीत. पुढच्या वेळी आम्ही बसलो तर आईपुढे भात न मागता आला. बिलात लावला होता, तीन डॉलर.

वाहन घेऊन जाणार असाल तर मार्केटच्या वरच्या पार्किंगमध्ये लावा, रस्त्यावर जागा मिळत नाही. त्यांच्या नवीन वर्षात, जानेवारी-फेब्रुवारीकडे, चार-पाच दिवस शटर बंद असतं आणि दारावरचा कागद फक्त व्हिएतनामी भाषेत असतो. एरवी मंगळवारी सुट्टी. मी मंगळवारी आत्तापर्यंत तीनदा गेले आहे.